अंघोळ करून आलं की डोकं धरतं? गोळी घेण्याआधी गॅस गिझर तपासा

थंडीत मला दोन प्रकारच्या तक्रारी ऐकायला मिळतात. पहिली फोनवर येते: "गिझर मध्येच बंद पडतोय, सेल बदलले तरी." दुसरी फोनवर कधीच येत नाही. काम आटोपून मी दारात चपला घालत असतो आणि घरातलं कोणीतरी सहज म्हणतं, "हल्ली अंघोळ करून आलं की डोकं फार धरतं बाई." पहिल्या तक्रारीचे मला पैसे मिळतात. दुसरी ऐकली की मी चपला काढून परत आत जातो.

नाशिकमध्ये सिडको, इंदिरानगर, पंचवटी, नाशिकरोड या पट्ट्यात अठरा वर्षं गॅस गिझर दुरुस्त करतोय. निफाडचा पारा पेपरच्या पहिल्या पानावर आला की आठवड्याभरात माझी धावपळ वाढते, कारण त्याच आठवड्यात लोक बाथरूमची खिडकी लावून घेतात. कोणी पुठ्ठा चिकटवतं, कोणी जुनी चादर कोंबतं. गिझर नवा असो, आयएसआय मार्कचा असो, हवा मिळाली नाही की तो कार्बन मोनॉक्साइड सोडायला लागतो. या विषारी वायूला रंग नाही, वास नाही, चव नाही.

आत्ता, या घडीला कोणी बाथरूममध्ये पडलं असेल तर पुढचं वाचू नका. दार तोडा, माणसाला ओढत उघड्या हवेत आणा, दुसऱ्याला रेग्युलेटर बंद करायला सांगा, १०८ ला फोन लावा. आत रेंगाळू नका, नाहीतर बाहेर काढायची माणसं दोन होतील. कांदा हुंगवणं, लिंबूपाणी पाजणं यात वेळ घालवू नका. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालायचंच नसतं.

लक्षणं

कपाळ जड होणं, डोकं ठणकणं, मळमळ, चक्कर, छातीत धडधड, पायातलं बळ गेल्यासारखं वाटणं, बोलताना शब्द न सुचणं. ताप नाही, सर्दी नाही. म्हणून लोक पित्तावर ढकलतात, बीपीवर ढकलतात, "उपाशीपोटी अंघोळ केली" म्हणतात. खरी खूण वेगळी आहे. त्रास ठरावीक जागी आणि ठरावीक वेळी होतो, गॅलरीत किंवा बाहेर जाऊन बसलं की हळूहळू उतरतो, आणि घरात एकापेक्षा जास्त जणांना होतो. सासूबाईंना आणि नातवाला एकाच सकाळी पित्त होत नसतं.

गिझरची लक्षणंही असतात. ज्योत निळी न राहता पिवळी, लांब, लोळणारी होते. वरच्या झाकणाच्या फटींवर काळं येतं. गिझरच्या वरची भिंत किंवा छत तपकिरी होतं. अंघोळीनंतर आरसा आणि टाइल्स नेहमीपेक्षा जास्त घामेजतात, हवा कोंदट लागते. आणि गिझर आपणहून बंद पडतो, विशेषतः दुसऱ्या-तिसऱ्या माणसाच्या अंघोळीला. या शेवटच्या लक्षणाला लोक बिघाड समजतात. त्यावर पुढे सविस्तर लिहिलंय, कारण तिथेच मी स्वतः चुकलोय.

घरात ऑक्सिमीटर आहे म्हणून कोणी निर्धास्त होऊ नका. कोविडपासून प्रत्येक घरात तो आहे आणि चक्कर आली की लोक आधी बोट त्यात घालतात. आकडा येतो ९८, सगळे म्हणतात काही नाही. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो, आणि तसं चिकटलेलं रक्त त्या साध्या यंत्राला ऑक्सिजनवालं रक्तच वाटतं. शरीर गुदमरत असताना यंत्र ९८ दाखवू शकतं. खरा आकडा रक्ताच्या तपासणीतच कळतो. डॉक्टरांकडे गेलात तर "घरात गॅस गिझर आहे आणि अंघोळ करताना झालं" हे वाक्य पहिल्यांदा बोला. नाहीतर निम्मे दिवस बीपीच्या गोळीतच जातील.

असं होतं तरी का?

आजोळी, जुन्या नाशकातल्या वाड्यात, तांब्याचा बंब होता. तो चौकात, उघड्यावर पेटायचा. धूर डोळ्यांत जायचा, म्हणून त्याला न्हाणीत न्यायचा विचारही कोणाच्या मनात आला नाही. गॅस गिझरचा धूर दिसत नाही, म्हणून तो थेट अंघोळीच्या जागी आला.

आता हिशेब बघा. मिनिटाला सहा लिटरवाला गिझर पूर्ण चालला तर तासाला साधारण एक किलो गॅस खातो. एक किलो गॅस नीट जळायला बारा-तेरा घनमीटर हवा लागते. म्हणजे पंधरा मिनिटांच्या अंघोळीला तीन घनमीटर. चार बाय सहा फुटांची, आठ फूट उंचीची बाथरूम घेतली तर तिच्यात हवाच साडेपाच घनमीटरच्या आसपास असते. त्यात तुम्हीही श्वास घेताय. ऑक्सिजन थोडा कमी झाला की ज्योत बिघडते, आणि जी हवा तिने बाहेर टाकली तीच पुन्हा ओढायला लागते. तिथून पुढे कार्बन मोनॉक्साइड भराभर वाढतो. पहिल्या माणसाला काही होत नाही आणि तिसरा पडतो, त्याचं गणित हे असं आहे.

आता तपासण्या. फुकटातल्या आधी, खर्चाच्या नंतर.

१. दोन दिवस गिझर बंद

एक रुपया लागत नाही. पाणी शेगडीवर तापवा किंवा इलेक्ट्रिकवर, आणि डोकेदुखी होते का बघा. थांबली तर कारण सापडलं. मग "खात्री करून बघू" म्हणून परत गिझर लावून अंघोळ करायची नाही. एका ग्राहकाने नेमकं हेच केलं होतं, आणि वर मला अभिमानाने सांगितलं.

दोन दिवसांनीही दुखतच असेल तर गिझर कदाचित निर्दोष आहे, पण घरात कोळशाची शेगडी, खोलीतली धुनी किंवा खालच्या मजल्यावरचा जनरेटर आहे का, तेही बघून घ्या.

२. हवा येते कुठून, जाते कुठून

सिलिंडर बंद ठेवा. बाथरूमचं दार लावा, खिडकी रोजच्यासारखी ठेवा आणि उदबत्ती पेटवा. दाराच्या खालच्या फटीपाशी धरली तर धूर आत ओढला गेला पाहिजे. वरच्या झरोक्यापाशी धरली तर बाहेर गेला पाहिजे. दोन्हीकडे सरळ वर जात असेल तर तुमची बाथरूम म्हणजे झाकण लावलेला डबा आहे.

यात तीन गोष्टी मला सारख्या सापडतात. एक, झरोका आहे पण कबुतरांसाठी जाळी लावलीय आणि जाळीवर दहा वर्षांची धूळ बसलीय, किंवा जाळी नाही आणि कबुतराचं घरटं आहे. दोन, खिडकी डक्टमध्ये, म्हणजे इमारतीच्या मधल्या उभ्या बोळात उघडते. डक्टमध्ये वरखालच्या चार फ्लॅटचे गिझर सोडत असतात आणि डक्टला वरून पत्रा मारलेला असतो. तेव्हा तुम्ही शेजाऱ्याचा धूर ओढताय. तीन, नवीन बाथरूमचं दार इतकं फिट असतं की खाली फटच नाही. हवा आत येणार नसेल तर एक्झॉस्ट फॅन लावूनही काही हशील नाही. तो नुसता गुरगुरतो, आणि कधीकधी गिझरचा धूर वर जायच्या ऐवजी खालीच ओढतो.

उपाय स्वस्त आहे. पुठ्ठा काढा, जाळी धुवा, सुताराकडून दाराच्या खालच्या बाजूला जाळीची पट्टी बसवून घ्या. फक्त वरचा झरोका पुरत नाही आणि फक्त खालची फटही पुरत नाही. दोन्ही हवेत.

ड्राय बाल्कनीत गिझर असेल तर लोक बिनधास्त असतात. बरोबरच आहे, जोवर बाल्कनी उघडी आहे. पण सरकत्या काचा लावून ती बंद केली, तिथे वॉशिंग मशीन ठेवलं आणि स्वयंपाकघराचं दार उघडं ठेवलं, तर तो गिझर आता स्वयंपाकघरात आहे असंच धरा.

३. आधी बादल्या, मग अंघोळ

ही तपासणी नाही, सवय आहे, पण सगळ्यात जास्त जीव हीच वाचवते. दार आणि खिडकी उघडी ठेवून दोन बादल्या भरा, गिझर बंद करा, पाच मिनिटं थांबा, मग आत जा. शॉवरखाली गरम पाणी सोडून वीस मिनिटं उभं राहायचं असेल तर बाथरूममधला गॅस गिझर तुमच्यासाठी नाही. आतून कडी लावू नका. लावायचीच असेल तर बाहेरून नाण्याने उघडता येईल अशी बसवा. पडलेल्या माणसाला बाहेर काढताना मिनिटं जातात ती कडीत.

गरोदर बाई घरात असेल तर हे आजपासून पाळा. बाळाच्या रक्तात हा वायू आईपेक्षा जास्त साठतो आणि उतरायलाही जास्त वेळ लागतो. आईला नुसतं डोकं दुखलं म्हणून बाळ बरं आहे असं समजू नये.

४. ज्योत आणि रुमाल

दार-खिडकी सताड उघडी ठेवून, बाहेर उभं राहून, एखादं मिनिट गिझर चालू करा. गिझरच्या पुढच्या बारीक खिडकीतून ज्योत बघा. निळी, आखूड, एकसारखी हवी. मध्येच एखादी केशरी ठिणगी उडाली तर ती धुळीची असते, घाबरू नका. टोकं पिवळी होऊन डुलत असतील तर गॅस अर्धवट जळतोय. अर्धवट जळलेला गॅस म्हणजेच काजळी आणि कार्बन मोनॉक्साइड.

गिझर पूर्ण गार झाल्यावर वरच्या फटींवरून ओला पांढरा रुमाल फिरवा. राखाडी धूळ आली तर ठीक. काजळासारखं काळं आलं तर गिझर बंद करा आणि सर्व्हिसिंग होईपर्यंत वापरू नका. मात्र एक सांगतो, ज्योत निळी आहे म्हणजे सगळं ठीक, असं नाही. कोंडलेल्या बाथरूममध्ये निळ्या ज्योतीनेही माणसं पडली आहेत. पिवळी दिसली तर धोका नक्की, निळी दिसली तरी वरची क्रमांक २ची, हवेची तपासणी झालेलीच पाहिजे.

५. मध्येच बंद पडतो: सेल, टायमर की सेन्सर?

खालचे दोन मोठे सेल बदलून बघा. ठिणगीच पडत नसेल तर दोष सेलचा. पण ठिणगी पडते, पेटतो आणि पंधरा-वीस मिनिटांनी विझतो, तर तो टायमर आहे. बऱ्याच गिझरना वीस मिनिटांचा असतो. तो तुमच्यासाठीच ठेवलाय, पण नळ बंद करून परत सोडला की तो शून्यापासून मोजतो. म्हणजे तिघांनी पाठोपाठ अंघोळ केली तर टायमरचा उपयोग नाही.

आणि दार लावलं की विझतो, दार उघडलं की चालतो, असं असेल तर ऑक्सिजन कमी झाल्यावर बंद करणारा सेन्सर आपलं काम करतोय. किंवा बंद बाथरूममध्ये ज्योत नीट तापत नाही म्हणून दुसरा सेन्सर गॅस तोडतोय. दोन्हीचा निरोप एकच आहे: खिडकी उघडा.

आमच्या धंद्यात एक शब्द आहे, "डायरेक्ट करणे". सेन्सरच्या दोन वायरी काढून एकमेकींना जोडल्या की गिझर कधीच विझत नाही. ग्राहक खूश, दोन मिनिटांचं काम. मी धंद्यात नवीन असताना इंदिरानगरच्या एका घरात हे केलंय. काकूंनी तीन वेळा बोलावलं होतं, मला कंटाळा आला होता. पंधरा दिवसांनी त्यांची सून बाथरूममध्ये पडली. मुलाने दार तोडलं, दोन दिवस ऑक्सिजनवर राहिली, वाचली. त्या घरातल्या कोणी मला एक शब्द बोललं नाही, कारण मी काय केलं होतं हे त्यांना माहीतच नव्हतं. मीच नंतर जाऊन सांगितलं आणि गिझर स्वखर्चाने काढून दिला. तेव्हापासून कोणाकडे डायरेक्ट केलेला गिझर सापडला तर वायर परत जोडल्याशिवाय मी हलत नाही, भले ग्राहक भांडला तरी.

६. अलार्म

इथून खर्च सुरू होतो. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आता ऑनलाइन सहज मिळतो. घेताना डब्यावर काय लिहिलंय ते नीट वाचा, कारण निम्मे लोक एलपीजी गळतीचा अलार्म घेऊन येतात. एलपीजी हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरतो, म्हणून तो अलार्म खाली लावतात. कार्बन मोनॉक्साइड हवेपेक्षा किंचित हलका, सगळीकडे मिसळतो. त्याचा अलार्म वाफेत खराब होतो, म्हणून बाथरूमच्या आत न लावता दाराबाहेर, साधारण डोक्याच्या उंचीवर लावा, आणि सोबतच्या कागदावर वेगळं सांगितलं असेल तर तसं करा. सेन्सरलाही आयुष्य असतं, मागे छापलेली तारीख बघा.

पण अलार्म घेतला म्हणून खिडकी लावू नका. अमेरिकन मानकाप्रमाणे बनवलेला अलार्म ७० पीपीएमला (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत वायूचे ७० भाग) एक ते चार तासांनी वाजतो, १५० ला दहा ते पन्नास मिनिटांत, ४०० ला चार ते पंधरा मिनिटांत. तो घरातल्या हळू साठणाऱ्या वायूसाठी बनवलाय. तुमची अंघोळ त्याआधी संपलेली असू शकते, किंवा तुम्ही पडलेले असू शकता.

७. इथे थांबा

वरचं झाकण काढायचं, बर्नर उघडायचा, जेट (गॅस सोडणारं बारीक भोकाचं तोंड) टोकरायचं, गॅसच्या पाइपला हात लावायचा: हे घरी करू नका. यूट्यूबवर सोपं दिसतं. जेटचं भोक सुईने मोठं झालं की गॅस जास्त येतो, हवा तेवढीच राहते, आणि तुम्ही साफ करायला गेलात त्यापेक्षा जास्त काजळी तयार होते.

मेकॅनिक बोलवायची कारणं: पिवळी ज्योत, काजळी, पेटताना "भप्प" आवाज, किंवा दोन वर्षांत सर्व्हिसिंग झालेलं नसणं. बोअरचं पाणी असेल तर वर्षाला एकदा, दिवाळीच्या आधी. क्षार कॉइलच्या आत साचतात, काजळी कॉइलच्या पात्यांमध्ये साचते, आणि धूर वर जायची वाट बंद होते. बर्नरच्या नळीत कोळ्याचं जाळं किंवा पालीची अंडी मला दर हंगामात सापडतात. तेवढंही हवा अडवायला पुरतं.

पाइपचा गॅस नुकताच आला असेल तर एलपीजीचा गिझर तसाच त्यावर जोडू नका, आणि पाइपच्या गॅसचा गिझर गावाकडे नेऊन सिलिंडरला तर अजिबात नको. दोन्हीचे जेट वेगळे असतात.

गॅसचा वास येत असेल तर हे प्रकरणच वेगळं, ती गळती आहे. रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, दिव्याच्या बटणाला हात नाही, आणि १९०६ ला, म्हणजे एलपीजी गळतीच्या मदत क्रमांकाला फोन.

आणि काही ठिकाणी मीही दुरुस्ती करत नाही, गिझर काढायलाच सांगतो. बाथरूमला बाहेरची भिंतच नसेल, झरोका फक्त डक्टमध्ये असेल, किंवा भाड्याच्या खोलीत रोज वेगळी माणसं येणार असतील. सिंहस्थ २०२७ साठी भाविकांना द्यायला पंचवटीत लोक जिन्याखाली, पोटमाळ्यावर खोल्या काढतायत आणि जागा वाचवायला आत गॅस गिझर बसवतायत. अशा तीन कामांना या वर्षी नाही म्हणालो. तिथे इलेक्ट्रिक लावा, गच्चीवर सोलर लावा, किंवा गिझर उघड्या बाल्कनीत नेऊन पाइप आत घ्या.

द्राक्षपट्ट्यातल्या मंडळींनाही दोन शब्द. कडाक्याच्या थंडीत बागेत शेकोट्या पेटवता ते ठीक, उघड्यावर आहेत. पण पहाटे उरलेले निखारे घमेल्यात भरून मजुरांच्या पत्र्याच्या खोलीत नेऊ नका. निखाऱ्याला धूर नसतो म्हणून तो निरुपद्रवी वाटतो, आणि झोपलेल्या माणसाला चक्कर आलेलीही कळत नाही. बंद शटरच्या गाळ्यात गाडी चालू ठेवून गरम करणं हाही तोच प्रकार.

बेशुद्ध पडून शुद्धीवर आलेल्या माणसाला "आता बरं वाटतंय" म्हणून घरी ठेवू नका. साध्या हवेत हा वायू निम्मा उतरायला चार-पाच तास लागतात, शंभर टक्के ऑक्सिजनवर तासा-दीड तासात. विसरणं, चालताना तोल जाणं, चिडचिड असे त्रास काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनीही उपटतात. त्यामुळे दवाखाना त्याच दिवशी.

मेकॅनिक येईल तेव्हा त्याच्यासमोर उभे रहा. झाकण तुमच्यासमोर उघडायला लावा. काम झाल्यावर दार लावून, माणूस बाहेर ठेवून, गिझर दहा मिनिटं चालवायला सांगा आणि मग आत कार्बन मोनॉक्साइड मोजायचा मीटर धरायला सांगा. मीटर नसेल तर दुसरा मेकॅनिक बघा, आता ते फार महाग राहिलेले नाहीत. आकडा शून्याच्या आसपास हवा. जागतिक आरोग्य संघटनेची आठ तासांची मर्यादा साधारण ९ पीपीएम आहे. दहा मिनिटांत ३५ च्या वर गेला तर मी रेग्युलेटर काढून ग्राहकाच्या हातात देतो. आणि समोरचा म्हणाला, "सारखा विझतोय ना, डायरेक्ट करून देतो," तर व्हिजिटचे पैसे द्या आणि त्याला वाटेला लावा.